एम्डेनचं मौन आणि संदेशाची दिशा

चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवारभिंतीवर एक छोटा फलक आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेचे गोळे इथं पडले, असं तो सांगतो. त्या रात्री सव्वाशेच्या आसपास गोळे डागून, बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवून एम्डेन अंधारात निसटली. तेव्हाचं मद्रास हादरलं; हजारो लोक शहर सोडून गेले. तमिळमध्ये बेरकी, वस्ताद माणसाला 'एम्डेन' म्हणायची पद्धत तेव्हापासूनची.

शत्रूच्या इतक्या नौका मागावर असताना ती सापडत का नव्हती? माझ्या मते तिचं खरं शस्त्र होतं मौन. कप्तान फॉन म्युलर स्वतः बिनतारी संदेश पाठवणं टाळायचा आणि इंग्रजांचे संदेश ऐकायचा. संदेशाचा जोर वाढला की जहाज जवळ आलं, एवढं कळायचं. कोणत्या बाजूला, ते मात्र कळत नसे.

याच अर्धवट माहितीनं तिचा घात केला. ९ नोव्हेंबरला ती कोकोस बेटांवरचं तारकेंद्र मोडायला गेली. त्या बेटाचं नाव डिरेक्शन आयलंड, म्हणजे चक्क 'दिशेचं बेट'! कोळशाच्या जहाजाला बोलावताना तिनं मौनही मोडलं. केंद्रानं मदतीची हाक दिली. आलेलं उत्तर क्षीण होतं, म्हणून म्युलर निर्धास्त राहिला. पण उत्तर देणारी नौका वेगळीच होती. ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' जेमतेम ५० सागरी मैलांवर होती. तिनं त्याच दिवशी एम्डेनचा निकाल लावला.

आज दिशा शोधायला अनेक अँटेना ओळीनं लावतात. लहर प्रत्येकीपर्यंत किंचित मागंपुढं पोचते. त्या फरकावरून गणित मांडतात. पण शहरात इमारतींवर आपटून आलेल्या लहरी त्यात मिसळतात, अँटेनाही तंतोतंत जागेवर नसतात, आणि सूत्र चुकतं. तिथं न्यूरल नेटवर्क उपयोगी पडतं. दिशा आधीच माहीत असलेले हजारो संदेश त्याला दाखवले, की या गोंधळासकट दिशा ओळखायला ते शिकतं. परिसर अगदीच वेगळा असला, तर तेही फसतं.

एक मर्यादा मात्र शंभर वर्षांत बदललेली नाही. बोलणाऱ्याची दिशा कळते, गप्प बसलेल्याची नाही. त्या रात्री मद्रासच्या किनाऱ्यावर आजचं नेटवर्क असतं, तरी मुकी एम्डेन त्याला सापडली नसती. तिथं स्वतः लहर सोडून तिचा पडसाद ऐकणारं रडारच लागलं असतं.