गांजाचे झाड आणि सरकारी कात्री

छाटणी म्हणजे काय, हे आमच्या वसई पट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मोगऱ्याचे झुडूप छाटतात, कारण त्याला कळी येते ती नव्या फुटव्यावर. जुने लाकूड तसेच राखले तर झुडूप भरदार दिसते, पण फूल थोडे. हेच शहाणपण आपल्या देशातले शेतकरी एकेकाळी आणखी एका झाडाला लावत होते. त्याचे नाव आज चारचौघांत घ्यायला माणसे कचरतात. ते झाड गांजाचे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने ती भांग, मादी झाडाचे चिकट तुरे तो गांजा आणि त्यातला राळेसारखा चीक तो चरस. संस्कृतात 'भंगा', फारसीत 'बंग'. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिच्यावर एक प्रकरणच लिहिले आहे. त्यात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची एक गोष्ट येते. १५३४ च्या तहाने आमची वसई पोर्तुगीजांना देणारा हाच तो सुलतान. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान हिंडून यावेसे वाटले, की आपण थोडी भांग खातो, असे त्याने एका पोर्तुगीज सरदाराला सांगितले होते म्हणे. वसई हातची गेली, तरी सुलतानाची मुलूखगिरी अशी चालू होती!

एकोणिसाव्या शतकात गांजाची सर्वांत नामांकित शेती बंगालच्या राजशाही जिल्ह्यात, नौगाव परिसरात होती. आमच्या नायगावशी तिचे नाते फक्त नावातल्या साम्याचे. हेमचंद्र केर या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये या शेतीचा अहवाल लिहिला. रोपे वाफ्यात वाढवून सप्टेंबरच्या सुमारास शेतात लावत. पुढे नोव्हेंबरात खालच्या फांद्या छाटत, म्हणजे झाडाचा जोर वर तुऱ्यांकडे जाई. मग येई पोद्दार. हा सावकार नव्हे, झाडांचा पारखी. पानाच्या बेचक्यात कळी नुकती डोकावू लागली, की ती नराची की मादीची हे तो नजरेने ओळखी आणि नर झाड मोडून टाकी. एक फेरी पुरत नसे. शेत पुन्हा पुन्हा पालथे घालावे लागे. कारण नराचा पराग मादीवर पडला, की तुऱ्यात बी धरते, चीक कमी होतो आणि मालाचा भाव उतरतो. वर्षाची कमाई त्या नजरेवर टांगलेली असे.

आपल्या मुंबई इलाख्यात हे पीक प्रामुख्याने तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होई. शेजारच्या मध्य प्रांतात त्याचे ठाणे होते खांडवा. गोसाव्याच्या मठात आणि फकिराच्या तकियात एकच चिलीम फिरे. धर्म विचारून ती कुणी ओढत नसे.

१८९३ मध्ये हा विषय इंग्लंडच्या पार्लमेंटात निघाला. गांजाने माणसे वेडी होतात, असा गवगवा होता. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन बसले. ते देशभर हिंडले, १,१९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली. बऱ्याच ठिकाणी गांजाचे कारण खातरजमा न करताच नोंदले गेल्याचे त्यांना आढळले. बेताने घेतल्यास सहसा अपाय नाही, अतिरेक घातक आहे आणि सरसकट बंदी नको, असा त्यांचा १८९४ चा निष्कर्ष होता.

पण बंदी नको म्हणजे मोकळीक नव्हे. सरकारने आपली कात्री काढली. लागवड ठराविक भागांपुरती, परवाना सक्तीचा, माल सरकारी देखरेखीच्या गुदामात, वर जकात. नको त्या फांद्या काढायच्या आणि उरलेल्यांतून जास्त पीक घ्यायचे, हे शेतकऱ्याचेच तत्त्व. फक्त सरकारचे पीक महसुलाचे होते. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये आपली सहकारी संस्था काढली आणि नफ्यातून शाळा, दवाखाने चालवले. गांजाच्या पैशावर पोरे बाराखडी शिकली, हेही इतिहासातच जमा आहे.

पुढे स्वतंत्र भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि कात्री बुंध्याशी लागली. गंमत अशी, की त्या कायद्यानेही झाडाची छाटणीच केली. फुलांचे तुरे गांजाच्या व्याख्येत आले, नुसती पाने बाहेर राहिली आणि त्यांचा निर्णय राज्यांवर सोपवला. होळीला काही प्रांतांत भांगेची दुकाने उघडी असतात, ती त्यामुळे. आपल्या परसात गांजाचे झाड लावणाऱ्याला मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

नशेने बसलेली घरे मी पाहिली आहेत. त्या तुऱ्यांची आरती मला ओवाळायची नाही. पण २०१८ मध्ये उत्तराखंडाने नशेचा अंश जवळपास नसलेल्या भांगेच्या लागवडीला धाग्यासाठी परवानगी दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताचे मत ठरावाच्या बाजूने पडले. म्हणजे या झाडाचा विचार पुन्हा सुरू झाला आहे. तो करताना १८९४ चा अहवाल उघडावा लागेल. त्यात कमिशनच्या सभासदांची नावे मिळतील. केरसाहेबांचेही नाव त्यांच्या अहवालावर आहे. ज्याच्या नजरेवर सगळे पीक उभे होते, त्या पोद्दाराची मात्र जातकुळी तेवढी ठाऊक आहे. माणूस म्हणून तो छाटला गेला.