चाकरमानी
चाकरमानी ही संज्ञा कोकणातून, विशेषतः सध्याच्या सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतून, नोकरीसाठी मुंबईत गेलेल्या आणि गावाशी नाते टिकवून असलेल्या लोकांसाठी वापरली जाते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी स्थापन केल्यानंतर मुंबईत गिरण्या वाढत गेल्या. तुटपुंज्या भातशेतीवर कुटुंबाचे भागत नसल्याने मालवण-वेंगुर्ला परिसरातील अनेक पुरुष बोटीने मुंबईस जाऊ लागले. बायका-मुले बहुधा गावीच राहत; मनिऑर्डर हा त्यांचा मोठा आधार असे.

गिरणगावातील एकेका खोलीत अनेक जण राहत व खाणावळीत जेवत. अशा अनेक खाणावळी स्त्रिया चालवीत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. भजन, तालीम आणि दशावतारी नाटके ही फुरसतीतील करमणूक होती. गावांच्या नावांनी स्थापन झालेली मंडळे नवागतांना आसरा देत, तसेच गावातील देऊळ व शाळेसाठी वर्गणी जमवीत.

१९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या व कित्येक कामगारांना गावी परतावे लागले. गणेशचतुर्थीस गावी जाण्याची चाकरमान्यांची प्रथा मात्र आजही टिकून आहे.