क्रीडापटूंची स्वाक्षरीपत्रे (संग्रह)
जुन्या नामवंत खेळाडूंनी स्वहस्ते लिहिलेली किंवा टंकलिखित करून खाली सही केलेली पत्रे जमवण्याचा छंद. नुसत्या सहीपेक्षा पत्राला मोल अधिक. त्यातही हस्तलिखिताला टंकलिखितापेक्षा आणि खेळाविषयीच्या मजकुराला आभाराच्या दोन ओळींपेक्षा भाव जास्त मिळतो.

कीर्ती आणि किंमत यांचे प्रमाण मात्र सरळ नसते. डॉन ब्रॅडमन (१९०८–२००१) यांनी निवृत्तीनंतर अनेक दशके ॲडलेडहून चाहत्यांच्या पत्रांना नेमाने उत्तरे पाठवली. त्यामुळे इतक्या थोर फलंदाजाची पत्रे बाजारात तुलनेने सहज सापडतात. याउलट ऑस्ट्रेलियन फलंदाज व्हिक्टर ट्रंपर १९१५ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षीच वारला. त्याची पत्रे दुर्मीळ. अमेरिकी बेसबॉलपटू टाय कॉब हिरव्या शाईतल्या लांबलचक पत्रांसाठी संग्राहकांत प्रसिद्ध आहे. ती हिरवी शाई बनावट पत्रे करणाऱ्यांनाही ठाऊक असल्याने तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

बनावटीचे प्रमाण मोठे आहे. चिटणिसाने केलेली सही, रबरी शिक्का आणि सही गिरवणारे यंत्र हे त्याहून वेगळे, पण तितकेच फसवे प्रकार. पारखताना आधी कागद पाहतात: १९५०च्या सुमारास कागदाला शुभ्रता आणणारी रसायने वापरात आली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर झळकतो. १९२०ची तारीख घातलेले पत्र तसे झळकले, तर ते खोटेच. मग अक्षरांचे वळण, लेखणीचा दाब. टपालशिक्क्यासह मूळ पाकीट असल्यास तारीख व ठिकाण ताडता येते. पत्रे आम्लरहित कागदात, उन्हापासून दूर ठेवतात; चिकटपट्टी लावणे घातक.