रूक्ष त्वचा कीं कोरडी त्वचा ?

आपल्या भाषेंत एकाच अवस्थेला दोन शब्द आहेत. हिंवाळ्यांत देशावरच्या वाऱ्यानें हात खरखरीत झाले, टांचांना भेगा पडल्या, अंगावर नख ओढतांच पांढरी रेघ उमटूं लागली, म्हणजे वैद्य म्हणतो, त्वचा रूक्ष झाली. आणि घरांतील आजीबाई म्हणते, अंग कोरडें पडलें. दोघांचें बोलणें एकच आहे असें आपण समजून चालतों. परंतु शब्दांच्या पोटांत शिरून पाहिलें तर तें एक नाहीं. रूक्षाच्या उलट स्निग्ध. म्हणजे जेथें स्नेह नाहीं तें रूक्ष. कोरड्याच्या उलट ओलें. म्हणजे जेथें पाणी नाहीं तें कोरडें. कोरडी विहीर तेल ओतून भरत नाहीं. मग त्वचेला उणीव पडते ती कशाची, तेलाची कीं पाण्याची ? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याचें उत्तर प्रयोगानें मिळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला, आणि त्या उत्तरावर कित्येकांचे पाय शाबूत राहणें न राहणें आजही अवलंबून आहे. म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आयुर्वेदाचा कौल उघडपणें स्नेहाच्या बाजूचा आहे. रूक्षता हा वायूचा गुण. स्पर्शेंद्रियांत वायूचें प्राबल्य. आणि स्पर्शेंद्रियाचें स्थान त्वचा. म्हणून वायूचा उपद्रव त्वचेवर दिसावा व त्याचें शमन स्नेहानें व्हावें, अशी ही विचारसरणी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत यासाठीं दिलेले दृष्टांत मोठे मार्मिक आहेत. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण दिलेला गाडीचा आंस हे जसे टिकाऊ होतात, तसें अभ्यंगानें शरीर दृढ होतें, असें तेथें म्हटलें आहे. त्याच ठिकाणीं पायांना तेल लावल्यानें खरखरीतपणा, ताठरपणा, रूक्षता, थकवा आणि बधिरपणा हे विकार शमतात असें सांगितलें आहे. यांतील बधिरपणाचा उल्लेख वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें प्रयोजन पुढें येईल. वाग्भटानेंही अष्टांगहृदयांत अभ्यंग नित्य करावा असें सांगून डोकें, कान व पाय यांवर विशेष भर दिला आहे. शास्त्रांतील हा उपदेश आपल्याकडे आचारांत उतरला. दिवाळींतील अभ्यंगस्नान हें त्याचें सर्वांच्या परिचयाचें रूप होय. कोंकणांत कोकमच्या बियांचें तेल काढून त्याचे गोळे करून ठेवतात. थंडींत तें दगडासारखें घट्ट राहतें आणि जरा ऊब लागतांच पातळ होऊन भेगांत शिरतें. टांचा फुटणाऱ्यांस त्याचा गुण सांगावयास कोणा शास्त्रकाराची गरज पडली नाहीं.

पश्चिमेकडील वैद्यांचा मार्गही फारसा निराळा नव्हता. दुसऱ्या शतकांत रोममध्यें वैद्यकी करणाऱ्या गॅलेनच्या नांवावर एक मलम प्रसिद्ध आहे. मेण व ऑलिव्हचें तेल एकत्र पातळ करावयाचें आणि त्यांत मावेल तेवढें पाणी घोटून मिसळावयाचें. तें अंगास चोळलें असतां त्यांतील पाणी उडून जातें व गार वाटतें. यावरूनच पुढें त्यास 'कोल्ड क्रीम' हें नांव पडलें. या मलमांत तेलाबरोबर पाणीही होतें हें विशेष होय. परंतु गुणाचें श्रेय सामान्यतः तेलाकडे व मेणाकडे गेलें, आणि पाणी हें केवळ गारव्याचें साधन ठरलें. मेंढीच्या लोकरींतील चरबीचा उपयोगही ग्रीक लोकांस ठाऊक होता. ती शुद्ध करून औषधोपयोगी 'लॅनोलिन' बनविण्याचें काम जर्मनींत लिब्राइख व ब्राउन यांनीं १८८२ च्या सुमारास केलें. पुढें लिफ्शुट्झ यानें या लोकरचरबींतून तेल व पाणी यांस दीर्घकाळ एकत्र धरून ठेवणारें द्रव्य वेगळें काढलें, आणि त्याच्या आधारावर हॅम्बुर्गच्या ट्रॉप्लोविट्झनें १९११ सालीं 'निव्हिया' नांवाचें पांढरें शुभ्र मलम बाजारांत आणलें. या नांवाचें मूळ बर्फवाचक लॅटिन शब्दांत आहे.

या सर्वांहून चमत्कारिक कथा व्हॅसलिनची आहे. १८५९ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें जमिनींतून खनिज तेल उपसण्यास आरंभ झाला. चीझब्रो नांवाचा एक तरुण रसायनज्ञ दिव्यांचें तेल तयार करण्याच्या धंद्यांत होता. नव्या तेलामुळें तो धंदा बुडणार हें ओळखून तो टायटसव्हिलला गेला. तेथें पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा एक चिकट मळ सांचत असे. मजूर त्यास शिव्या देत. पण हात कापला किंवा भाजला म्हणजे तोच मळ जखमेवर फांसत. चीझब्रोनें तो मळ शुद्ध केला आणि १८७२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आतां या पदार्थांत त्वचेचें पोषण करील असें कांहींच नाहीं. तो तिळांतून निघालेला नाहीं, कीं लोकरींतूनही नाहीं. तो भूगर्भांतील आहे. आणि तरी कोरड्या त्वचेवर त्याच्याइतका गुणकारी लेप क्वचितच सांपडतो. त्वचेस तेलाचें अन्न हवें असतें हें मत खरें मानलें, तर ज्यांत तिचें अन्नच नाहीं तो पदार्थ गुण कां देतो, याचा उलगडा होत नाहीं.

ग्लिसरिनचेंही असेंच. शेलेनें १७७९ सालीं ऑलिव्हच्या तेलावर प्रयोग करतांना हा गोड, दाट द्रव शोधून काढला. तो तेलांतून निघतो खरा, पण स्वतः तेल नाहीं. पाण्यांत तो सहज विरघळतो आणि पाणी धरून ठेवतो. असें असून त्यानेंही फाटलेले हात मऊ होतात. म्हणजे एकीकडे पोषणशून्य खनिज मेण आणि दुसरीकडे पाण्याचा सोबती ग्लिसरिन हे दोघेही गुण देत होते, आणि स्नेहाच्या उपपत्तींत यांपैकीं एकही नीट बसत नव्हता.

या कोड्याचा निकाल बॉस्टन येथील अर्व्हिन ब्लँक या संशोधकानें १९५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगानें लागला. त्यानें तळपायाच्या घट्ट्यांचे तुकडे घेतले. घट्टा म्हणजे त्वचेचा बाहेरचा मृत थरच, फक्त जाड झालेला. हे तुकडे वाळविले तेव्हां ते कडक व ठिसूळ झाले. मग त्यांतील कांहीं त्यानें तेलांत बुडवून ठेवले. पुष्कळ काळ लोटला तरी ते तसेच ठिसूळ राहिले. दुसरे पाण्यांत ठेवले; ते लवकरच मऊ व लवचिक झाले. या थरांत पाण्याचें प्रमाण शेंकडा दहाच्या खालीं गेलें म्हणजे तो फुटूं लागतो, असें त्याच्या मापनांवरून निघालें. नुसतें तेल वाळलेल्या त्वचेस मऊ करीत नाहीं. मऊ करतें तें पाणी. आजीबाईचा शब्द खरा ठरला.

मग तेलाचा उपयोग काय ? याचें उत्तर पुढील काळांत त्वचेच्या रचनेच्या अभ्यासानें दिलें. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर कागदाहूनही पातळ असतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यानें १९८३ च्या सुमारास त्यास विटांच्या भिंतीची उपमा दिली. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्यें हा चुना. विटा पाणी धरतात आणि चुना तें उडूं देत नाहीं. चुना झिजला म्हणजे आंतील पाणी बाहेरच्या हवेंत निघून जातें, आणि हवा जितकी शुष्क तितकें तें लवकर जातें. देशावर पौष-माघांत ओठ फुटतात आणि समुद्रकांठच्या दमट हवेंत ते बरेच शांत राहतात, त्याचें कारण हेंच. कांहींच्या विटाच जन्मतः उण्या असतात. फिलॅग्रिन नांवाचें प्रथिन पेशींत विघटित होऊन पाणी धरणारीं द्रव्यें निर्माण करतें. त्याच्या जनुकांतील दोषामुळें त्वचा खवलेदार होते व इसबाची प्रवृत्ति वाढते, हें स्कॉटलंडमधील डंडी येथें मॅक्लीन व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं दाखविलें. अशा मनुष्याचा कोरडेपणा हा आळसाचा किंवा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे, हें त्याच्या घरच्यांनीं जाणलें पाहिजे.

तेव्हां तेल हें पाण्याचें पहारेकरी आहे. तें स्वतः ओल देत नाहीं. असलेली ओल जाऊं देत नाहीं. व्हॅसलिनचें रहस्यही हेंच. मात्र कोरड्या अंगावर पहारेकरी बसविल्यास तो राखणार काय ? म्हणून स्नानानंतर अंग नुसतें टिपून, तें दमट असतांनाच लेप लावावा, असा आजच्या त्वचावैद्यांचा उपदेश आहे. आपला जुना अभ्यंग मात्र स्नानापूर्वींचा. तो यामुळें चुकीचा ठरतो काय ? मला तसें वाटत नाहीं. त्या काळीं तेलावर उटणें किंवा डाळीचें पीठ लावीत; त्यानें वरचें तेल निघे, पण पातळ पापुद्रा राही. पुढें साबण आला आणि हिशेब बदलला. त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो हें शाडे व मार्किओनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९२८ सालीं मांडलें. साबण हा क्षारधर्मी. तो मळाबरोबर भिंतींतील चुनाही धुऊन नेतो. कढत पाणी व साबण यांनीं रोज अंग घांसून, वर्षांतून एकदां दिवाळीला तेल लावणारा मनुष्य पूर्वजांचा आचार पाळीत नाहीं. त्याचें स्मारक तेवढें जपतो.

सर्व तेलें सारखीं नाहींत, हेंही अलीकडे कळून आलें आहे. शेफील्ड येथें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ऑलिव्हच्या तेलानें त्वचेची भिंत दुबळी झालेली दिसली, तर सूर्यफुलाच्या तेलानें ती टिकली. ढाक्याच्या एका रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना सूर्यफुलाचें तेल लावून पाहिलें. अशा बालकांची त्वचा इतकी कच्ची असते कीं तीमधून रोगजंतु आंत शिरतात. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांत, तेल लावलेल्या बालकांत रुग्णालयांतील संसर्गाचें प्रमाण शेंकडा ४१ नें कमी आढळलें. त्वचेची निगा हा केवळ शृंगाराचा विषय नाहीं, हें सांगण्यास एवढें उदाहरण पुरे व्हावें.

परंतु याहून मोठें उदाहरण आपल्या घराजवळचें आहे. महारोगाचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सननें १८७३ सालीं दाखविला. हा जंतु मज्जातंतूंवर आघात करतो. त्यानें हातापायांची संवेदना जाते, आणि त्याबरोबर घाम आणणारे तंतूही निकामी होतात. चरकानें ज्यांची एका दमांत गणना केली ते बधिरपणा व रूक्षता हे दोन विकार येथें खरोखरच एका कारणाचे असतात. घाम नाहीं म्हणून तळवा वाळतो. वाळला म्हणून फुटतो. फुटला तरी दुखत नाहीं, म्हणून रोगी त्यावर चालत राहतो. भेगेची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते, आणि अखेर पाय कापावा लागतो. बोटें रोगानें कुजून गळतात अशी समजूत पूर्वीं सर्वत्र होती. वेल्लोर येथें १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें जातात तीं न कळलेल्या इजांमुळें, आणि म्हणून तीं वांचवितां येतात. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं, अमरावतीस तपोवनांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं आणि वरोड्याजवळ आनंदवनांत बाबा आमटे यांनीं जी सेवा उभी केली, तिची थोरवी महाराष्ट्रास सांगावयास नको.

१९८१ पासून अनेक औषधांच्या एकत्रित योजनेनें हा रोग निश्चितपणें बरा होऊं लागला. पण जंतु मेले तरी मेलेले मज्जातंतु परत येत नाहींत. बऱ्या झालेल्या मनुष्याचा तळवा जन्मभर कोरडाच राहतो. त्याला जो नित्याचा उपचार शिकवितात तो असा : रोज सुमारें वीस मिनिटें पाय साध्या पाण्यांत बुडवून ठेवावे, पाणी तापविलेलें नसावें, कारण चटका बसला तरी त्यास कळत नाहीं, मग जाड झालेली कातडी खरखरीत दगडानें हलकेंच घांसावी, आणि पाय पुरते वाळण्यापूर्वीं त्यांवर तेल किंवा व्हॅसलिन लावावें. उघडी जखम असेल तर वैद्यास दाखवावें. घमेलेंभर पाणी, एक दगड आणि चमचाभर तेल एवढ्या सामग्रीवर एक पाय राहतो.

या उपचाराचा क्रम पाहिला म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें. प्रथम पाणी, मग तेल. आजीबाईचा शब्द रोगाचें निदान सांगतो आणि वैद्याचा शब्द त्यावरील राखण सांगतो. दोन्ही शब्द भाषेनें टाकून दिले नाहींत हें बरेंच झालें. शास्त्रानें शेवटीं एवढेंच केलें कीं, कोणता शब्द आधीं उच्चारावा तें ठरविलें. ज्या घरांत असा बधिर पाय घेऊन कोणी बसला असेल, त्या घरीं हा क्रम संध्याकाळीं कोणी तरी आठवणीनें पाळावा. कारण त्या पायाला स्वतःची तक्रार सांगतां येत नाहीं.