दख्खनच्या राणीचे रूळ

ऐतिहासिक आगगाडीची लहानशी प्रतिकृति आम्ही खेळणें समजत नाहीं. तो इतिहासाचाच एक लेख होय. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें मार्गावर सुरू झालेली दख्खनची राणी घ्या. सात-सात डब्यांचे दोन संच. एक रुपेरी, दुसरा निळा. तळचे सांगाडे इंग्लंडांतले, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यांत बांधलेले. तिसरा वर्ग १९५५ सालीं आला; म्हणून १९३० च्या प्रतिकृतींत तो दिसतां कामा नये.

परंतु खरी कसोटी रुळांची. आपल्या रुंदमापी रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणांत तें सुमारें १९.३ होतें. त्या प्रमाणाचे तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरांचे, म्हणजे युरोपांत रूढ असलेल्या १४३५ मिलिमीटरांच्या मार्गाचें लघुरूप. तीन मिलिमीटरांहूनही कमी फरक कोणाच्या डोळ्यांत भरणार, असें पुष्कळ म्हणतील. मूळ मापांत तो जवळजवळ पाव मीटर भरतो! इतिहासलेखनांतही हाच मोह असतो. दुसऱ्यांच्या तयार रुळांवर आपली हकीकत चढविणें सोपें. आपले रूळ मोजून घालणें कष्टाचें. तथापि राणीची राणी म्हणून ओळख पटावयाची, तर तेवढे कष्ट घेतलेच पाहिजेत.