भाता ओढा, गड उभा राहतोय

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना विंझर आलं की गाडी बाजूला घ्या. एका अंगाला राजगड, पुढं तोरणा. आता मोबाइल खिशात टाका, पायातले बूट काढा आणि साडेतीनशेहून जास्त वर्षं मागं या.

तळव्याला चटका बसला ना? डांबर नाही, तापलेली माती आहे. चैत्राचं ऊन डोक्यावर आहे आणि समोरचा राजगडाचा डोंगर अजून पुरता गड झालेला नाही. वर पाथरवट माच्या बांधताहेत. काळा कातळ फोडताना त्यांच्या टाक्या दिवसभरात बोथट होतात. म्हणून पायथ्याच्या गावांतून लोहारांचे भाते सकाळपासून चाललेले असणार. त्यातल्याच एका छपरात वाकून शिरा.

आधी वास येतो: कोळशाचा, घामाचा, भात्याच्या कातड्याचा. डोळ्यांत धूर जातो. "बघत काय हुबा ऱ्हायलास? वढ भाता!" लोहारदादा तुमच्यावरच खेकसलेत. ओढा. दहा दमांत खांदे भरून येतात. थांबलात की निखारा काळवंडतो आणि पुन्हा ओरडा बसतो.

कोपऱ्यात लोखंडाचे ओबडधोबड गोळे पडलेत. असं लोखंड धावड नावाचे लोक काढत. महाबळेश्वरच्या पठारावर त्यांच्या भट्ट्या होत्या. तिथला तांबडा जांभा दगड आणि लाकडी कोळसा भट्टीत घालायचा आणि भाते चालू ठेवायचे. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सियस तापमान लागतं. मातीच्या भट्टीत तेवढं होत नाही. मग लोखंडाचा रस होत नाही, स्पंजासारखा मऊ गोळा निघतो आणि त्यात कीट अडकलेलं असतं. ते घणानं ठोकून बाहेर काढायचं. कोपऱ्यातले गोळे एवढे ओबडधोबड का, हे आता समजलं असेल.

इकडे बघा, टाकी तापली. दादांनी सांडशीनं धरून ऐरणीवर ठेवली. ठण्, ठण्, ठण्! ठिणगी मनगटावर पडते, हात झटकू नका. पोलादी टोक पाण्यात बुडालं, चर्रकन आवाज झाला, वाफ तोंडावर आली. दादांनी टाकी लगेच वर काढली आणि टोक दगडावर घासून लख्ख केलं. आता कुणी बोलत नाही. टोकाकडं एक पिवळसर छटा सरकत येते, गवत वाळल्यासारखी. ती टोकाला पोचली की टाकी पुन्हा पाण्यात. जरा उशीर झाला, रंग निळा झाला, तर टोक मऊ पडतं. घाई केली तर कातळावर कडकन तुटतं. या दोन चुकांच्या मधला क्षण दादा नुसत्या नजरेनं पकडतात. मला विचाराल तर गडाच्या बांधकामातलं खरं कसब इथं, या छपरात आहे.

परत या. पायांना डांबर लागलं?

एकोणिसाव्या शतकात जंगलतोडीवर बंधनं आली, कोळसा महागला, विलायती लोखंड स्वस्तात मिळू लागलं आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. धावड हे नाव मात्र आजही आहे. तुमच्या गावात अजून एखाद्या लोहाराचा भाता चालू असेल, तर विळा-कोयता त्याच्याकडेच पाजवून घ्या. तापलेल्या पात्याला पाणी कसं द्यायचं हे त्याला कुणी शिकवलं, तेही विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.