मूल वारंवार आजारी पडतंय? आईला बोल लावण्याआधी हे वाचा

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला अशी मुलं भेटतात, ज्यांचा ताप औषधाचा कोर्स संपला की परत येतो. एक गळू बरं होतं न होतं तोच दुसरं उठतं. घरात बोलणी मात्र आईला बसतात. कुणी अंगारा-धुपारा सुचवतं.

बहुतेकदा कारण कुपोषण, अस्वच्छ पाणी आणि कोंदट घर हेच असतं. पण काही मुलांच्या रोगप्रतिकारशक्तीत जन्मतःच दोष असतो. तो ओळखल्याशिवाय संसर्ग आटोक्यात येत नाही.

आजार काय असतो?

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, हे एक उदाहरण. यात पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण मारू शकत नाहीत. त्यामुळे स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी फुफ्फुसात, यकृतात, हाडांत ठाण मांडतात. यातल्या गाठी टीबीसारख्या दिसतात, त्यामुळे निदान चुकू शकतं.

उपचार

आधी पू किंवा गाठीचा नमुना तपासून नेमका जंतू शोधतात. मग औषध आठवडेच नव्हे, कधी महिनोनमहिने चालतं. गरज पडल्यास पू काढावा लागतो. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नये. पुढेही संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल आणि इट्राकोनाझोल रोज द्यावं लागतं. कुजलेला पालापाचोळा आणि शेणखताचा ढीग यांपासून मुलाला दूर ठेवावं, कारण तिथे बुरशी असते. बोन मॅरो प्रत्यारोपणाने आजार मुळापासून बरा होऊ शकतो.

ज्या मुलांच्या शरीरात अँटिबॉडीच बनत नाहीत, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन देतात.

तपासणी कधी मागावी?

- वर्षात दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया
- दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही
- त्वचेत खोलवर किंवा आतल्या अवयवात वारंवार गळू
- वजन न वाढणं
- घराण्यात असा आजार

आधीचं भावंड तान्हेपणी संसर्गाने दगावलं असेल, तर नव्या बाळाला बीसीजी देण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. अशा काही आजारांत लशीतले जिवंत जंतू शरीरभर पसरू शकतात. इतरांनी मात्र लस टाळू नये.

दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. सीजीडीचा सदोष जनुक अनेकदा आईकडून मुलाकडे येतो, पण तो तिने निवडलेला नसतो. काही प्रकारांत आई-वडील दोघांकडूनही येतो. मामाच्या मुलीशी लग्नासारख्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते.

कुठे जावं?

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. तिथे या आजारांचं निदान होतं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सीजीडीचा समावेश आहे. केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांत उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

कार्यकर्त्यांनी एवढं जरूर करावं: मुलाचे सगळे जुने कागद एका फाइलमध्ये लावून द्यावेत आणि पहिल्या खेपेला कुटुंबासोबत जावं. हक्क कागदावर असतो. तिथपर्यंत पोहोचायला सोबत लागते.